एक नग लाल भोपळा

हंगामाचा सण होऊन तीन आठवडे झाले, आणि तीन आठवडे एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाहीये. त्या दिवशी मी एका माणसाचा अपमान केला. म्हणजे भांडले वगैरे नाही, उलट चांगुलपणा करायला गेले आणि त्यातच अपमान झाला. आमच्या नाशिकच्या चर्चमध्ये सणाची उपासना संपली की बाहेर मांडवात लिलाव असतो आणि गेली सहा वर्षं त्याची वही माझ्याकडे असते, कारण काय तर माझं अक्षर बरं आहे आणि बेरजेला मला मोबाईल लागत नाही. सकाळी वेदीपुढे मांडलेलं सगळं एकेक करून बाहेर येतं. कांद्याची गोणी, नवी बाजरी, केळीचा घड, मेथीच्या जुड्या, कोणाच्या घरचं लिंबाचं लोणचं, कोणाच्या सुनेने युट्युबवर बघून केलेला केक, आणि पाय बांधलेला एक गावठी कोंबडा, जो पाळकसाहेबांच्या उपदेशात बरोबर गंभीर जागी आरवतो. बोली लावणारे काका रिटायर्ड पोस्टमन आहेत, आवाज असा की माईकची गरज नाही. इथल्या भावाचा आणि बाजारभावाचा काहीही संबंध नसतो. मेथीची जुडी चारशेला जाते, घेणारा ती परत टेबलावर ठेवतो, ती परत तीनशेला जाते. कोंबडा तर यंदा चार वेळा विकला गेला, त्याच्या चेहऱ्यावर पण तसं दिसत होतं. बाहेरच्या माणसाला हसू येईल, कारण हेच लोक रविवार कारंजाला भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालतात. मीही घालते.

तर भोपळा निघाला. लाल भोपळा, आमच्या आजीच्या भाषेत डांगर, चांगला सात-आठ किलोचा, देठाला अजून माती. बोली शंभरावर सुरू झाली, तीनशेवर रेंगाळली, आणि मागून कोणीतरी साडेसहाशे म्हणालं. एक वार, दोन वार, तीन वार. मी मान वर करून बघितलं तर ते दादा. आता यांची परिस्थिती मला माहीत होती. अंबडच्या ज्या वर्कशॉपमध्ये ते पंधरा वर्षं लेथवर होते ते काम सुटून आठ महिने झालेले, मधे थोडे दिवस रात्रीची रिक्षा चालवली ती पण मालकाने काढून घेतली, बायको पोळ्यांच्या ऑर्डरी घेते, आणि हे सगळं तिने महिला मंडळाच्या प्रार्थनेत रडत सांगितलेलं, म्हणजे मला कळायला नको होतं असं नाही पण अशा ठिकाणी वापरायला पण नको होतं. ते टेबलाजवळ आले, खिशात हात घातला, आणि मी इकडेतिकडे बघून हळूच म्हटलं, "राहू द्या ना दादा. पैशांचं नंतर बघू."

त्यांचा हात खिशातच थांबला.

मग त्यांनी पैसे काढले. एक पाचशेची, एक शंभराची, आणि दहा-दहाच्या पाच. त्या दहाच्या नोटा त्यांनी वहीवर एकेक करून ठेवल्या, कॅरमच्या सोंगट्या मांडाव्यात तशा. "लिहा ताई. रोख." मी लिहिलं, लाल भोपळा, एक नग, सहाशे पन्नास, रोख. माझे कान गरम झाले होते. त्यांनी भोपळा खांद्यावर घेतला, लहान मूल घेतात तसा एक हात खाली लावून, आणि बायकोच्या मागे गेटबाहेर गेले. इतरांसारखा परत लिलावाला ठेवला नाही.

खरं सांगायचं तर घरी येताना मला त्यांचा राग आला होता, स्वतःचा नाही. घरात ही अवस्था, पोराची फी थकलेली, आणि साडेसहाशेचा भोपळा कसला घेता? कोणाला दाखवायला? हाच प्रश्न श्रीमंत माणूस घेतो तेव्हा मला पडत नाही हे तेव्हा लक्षात आलं नाही. आमच्या चर्चमधल्या पंख्यांच्या पात्यांवर पण नावं आहेत, कोणाच्या ना कोणाच्या स्मरणार्थ, उन्हाळ्यात वर बघत बसलं की सगळी वंशावळ गरगर फिरते डोक्यावर. त्याचं मला कधी काही वाटलं नाही. दाखवायला द्यायची परवानगी जणू ज्यांच्याकडे आहे त्यांनाच. आणि नसलेल्याने दिलं की आपण त्याच्या घरचा हिशोब मांडायला बसतो.

माझ्या आजीचं गाव सिन्नरकडचं. तिच्या चुलीशेजारी डालड्याचा एक पिवळा डबा असायचा, वरचं ताडाचं झाड घासून घासून निम्मं गेलेलं. भाकरीला पीठ घ्यायच्या आधी, भात टाकायच्या आधी, एक मूठ त्या डब्यात. रोज. रविवारी तो डबा चर्चला जायचा आणि तिथून गावातल्या ज्या घरी चूल थंड असेल तिथे. ही पद्धत एकट्या आजीची नव्हती, मिझोरमच्या मंडळ्यांमध्ये तर १९१० पासून बायका अशीच मूठमूठ तांदूळ बाजूला काढतात आणि त्यावर मोठमोठी कामं उभी राहिली, पण आजीला मिझोरम कुठे आहे हे माहीत असायचं काही कारण नव्हतं. आईने सांगितलेली गोष्ट बहात्तरच्या दुष्काळातली. मी तेव्हा आईच्या पोटात होते. रोजगार हमी म्हणायच्या आधीची दुष्काळी कामं, खडी फोडायला जायचं, सुकडी मिळायची, आणि रेशनवर तो लाल मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, ज्याच्या भाकरी थापायला गेलं की तुटायच्या. आई म्हणाली, त्या मिलोची पण मूठ सासूबाई डब्यात टाकायच्या, आणि एकदा मी चिडून म्हटलं की आपल्यालाच कोणीतरी मूठ आणून द्यायची वेळ आलीये, तर त्या म्हणाल्या, "मग तर टाकलीच पाहिजे. नाहीतर आपन निसते घेनारेच राहू." हे वाक्य मी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकलंय की ते मला ऐकू येईनासं झालं होतं. घरातलं घड्याळ कसं, टिकटिक चालूच असते.

मला ते ऐकू आलं ते २०२१ मध्ये.

त्या एप्रिलमध्ये नाशिकमध्ये काय चाललं होतं हे नाशिकवाल्यांना सांगायला नको. हे गेले. अकरा दिवस दवाखान्यात, मग फोन, मग प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं काहीतरी लांबून बघितलं, पाळकसाहेब मास्कमधून प्रार्थना बोलले ती अर्धी ऐकू आली. त्यावर मला जास्त लिहायचं नाहीये. मला लिहायचंय ते डब्यांबद्दल. कारण त्यानंतर डबे यायला लागले. दाराच्या कडीला पिशवी अडकवून, बेल वाजवून, लोक जिन्यातून मागे सरकायचे. चर्चमधून, बिल्डिंगमधून, ह्यांच्या ऑफिसमधून. वरणभात, खिचडी, मटणाचा रस्सा, साबुदाण्याची उसळ पण. एका दुपारी ओट्यावर मी अकरा रिकामे डबे मोजले आणि कुठला कोणाचा ते कळेना, तेव्हा एकेक उलटा करून तळाशी ठिपक्याठिपक्यांनी घातलेली नावं वाचत बसले. कोणाचं लग्नातलं भांडं, कोणाच्या बारशाचं, एकावर तर १९८४ सालची तारीख. लोकांनी त्यांच्या लग्नातली भांडी मला पाठवली होती. आणि मला काय वाटलं माहितीये? मला वाटलं, मी आता या सगळ्यांची देणेकरी. रिकामा डबा परत देऊ नये हे रक्तातच असतं आपल्या, पण मला चिमूटभर साखर घालायची पण ताकद नव्हती. धुतलेले डबे तसेच ओट्यावर. लोक प्रेमाने वागत होते आणि मी दिवसेंदिवस पातळ होत चालले होते. कोणी मला काही करू देत नव्हतं. तू बस. तू राहू दे. आम्ही बघतो. चार महिने मी "राहू दे" ऐकलं, आणि बघा, चार वर्षांनी तेच दोन शब्द मी दुसऱ्याला दिले.

ऑगस्टमध्ये वरच्या मजल्यावरच्या काकूंनी मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घेतलं. मुलगा पुण्यात. घरी आल्या त्याच संध्याकाळी फोन, "अगं, डोळ्यात ड्रॉप घालायला येशील का? माझा हात थरथरतो. सहा वेळा घालायचेत." मी फोन ठेवला आणि अक्षरशः भिंतीला म्हटलं, या बाईला दिसत नाही का माझ्यावर काय आलंय. (दिसत नव्हतंच म्हणा, एका डोळ्यावर पट्टी होती.) पण गेले. पहिल्या आठवड्यात सहा वेळा, दुसऱ्यात पाच, मग चार, असं कमी कमी करत न्यायचं असतं ते औषध, एका कागदावर मी तक्ता केला आणि त्यांच्या देवघराशेजारी चिकटवला. त्या पलंगावर आडव्या पडायच्या, नजर पंख्याकडे, मी खालची पापणी बोटाने ओढायची आणि थेंब सोडायचा. पहिल्या दिवशी तीन थेंब गालावर, एक कानात. कानात थेंब गेला तेव्हा त्या म्हणाल्या, "आता या कानाने पण स्वच्छ दिसेल मला," आणि मी हसले. एप्रिलनंतर पहिल्यांदा. हसण्याचा आवाज मला अनोळखी वाटला, शेजारच्या फ्लॅटमधून आल्यासारखा. मग त्या सहा वेळांच्या मधे माझा दिवस लागायला लागला. आठला काकू, म्हणजे साडेसातला उठायला हवं. अकराला काकू, म्हणजे त्याआधी आंघोळ. दीड महिन्याने थेंब संपले तेव्हा मी आठ डबे भरून परत दिलेले होते. चिवडा, शंकरपाळे, एकात नुसता गूळ.

आता मला शंका येते की काकूंचा हात तेवढा थरथरत नसावा. त्यांच्याकडे सकाळ-संध्याकाळ कामाला बाई यायची, ती धडधाकट होती. मी कधी विचारलं नाही आणि आता विचारता येणार नाही, गेल्या वर्षी त्या पण गेल्या. एकादशीला चुकून माझ्याकडे भाकरी खाल्ली तरी हसणारी बाई. त्यांना बायबलमधली सारफथची विधवा माहीत नव्हती, पण ते प्रकरण त्यांना माझ्या पाळकांपेक्षा जास्त कळलेलं होतं असं मला वाटतं.

बायबलमधलं पहिले राजे हे पुस्तक, सतरावा अध्याय. लहानपणी रविवारच्या शाळेत ही गोष्ट ऐकली की मला एलीया संदेष्ट्याचा राग यायचा. दुष्काळ पडलाय, बाई काटक्या गोळा करतेय, ती सांगते की मडक्यात मूठभर पीठ आहे, कुपीत थोडं तेल, भाकर करून मी आणि पोरगा खाऊ आणि मग मरू. आणि हा देवमाणूस म्हणतो, आधी माझ्यासाठी एक छोटी भाकर कर. किती निर्लज्जपणा! त्याने आधी तिला द्यायला नको का काहीतरी? पण नाही, तिला कोणी दिलं नाही, तिच्याकडे मागितलं. मरायला निघालेल्या बाईला त्याने यजमानीण केलं. हे मला पन्नाशीच्या उंबरठ्यावर कळलं, पलंगाशेजारी ड्रॉपची बाटली धरून. आणि अजून एक. टीव्हीवर ते सूटवाले उपदेशक असतात ना, एक द्या शंभर मिळतील, बी पेरा पीक घ्या, स्क्रीनखाली अकाउंट नंबर, ते या बाईची गोष्ट हमखास सांगतात. पण पीठ वाढलं असं तिथे लिहिलेलंच नाही. पीठ संपलं नाही एवढंच लिहिलंय. बाईचं गोदाम झालं नाही, ती रोज मडक्याच्या तळाशी हात घालत असणार आणि रोज मूठभर निघत असणार, उद्यासाठीचा साठा काही दिसत नसणार. बरं, त्यानंतर तिचा मुलगा आजारी पडून जातो. परत मिळतो, हो, पण आधी जातो. भाकर दिली म्हणून घरावर विमा उतरला नाही. माझ्यासारख्या बाईला गोष्टीतला हा भाग जास्त धीर देतो, का ते नीट सांगता येत नाही.

पौलाच्या पत्रात पण असंच एक आहे, करिंथकरांना दुसरं, आठवा अध्याय. यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी चाललीय आणि मासेदोनियाच्या मंडळ्या स्वतः कंगाल, वर छळ. तरी ते पौलाला विनवण्या करतात की आम्हाला पण यात घ्या. मला वाटतं पौलानेच आधी म्हटलं असेल, राहू द्या, तुमचं नंतर बघू. आणि त्यांनी दहा-दहाच्या नोटा मांडल्या असतील.

सणाच्या दिवशी मी स्कूटीवरून शरणपूर रोडने घरी आले. रोजचा रस्ता, रोज तिथल्या सिग्नलला शिव्या घालायच्या. त्या दिवशी सिग्नलला उभी असताना नावाकडे लक्ष गेलं. शरण-पूर. १८५० च्या दशकात मिशनऱ्यांनी वसवलेली वसाहत, आणि पुढे समुद्रात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन पोरं तिथे आणून ठेवली, सुतारकाम, लोहारकाम, लिहायवाचायला शिकवलं. शाळेत आम्हाला हे कोणी सांगितलं नाही, नाशिक म्हणजे पंचवटी, द्राक्षं आणि नोटा छापायचा कारखाना. त्यातला एक जेकब वेनराईट. १८७३ साली आफ्रिका धुंडाळणारे मिशनरी डॉ. लिव्हिंगस्टन आजच्या झांबियात वारले तेव्हा तो त्यांच्या तुकडीत होता. त्यांचं काळीज तिथेच झाडाखाली पुरलं, प्रार्थना जेकबने वाचली, झाडावर नाव कोरलं, आणि मग त्या माणसांनी ते सुकवलेलं शव कित्येक महिने चालत समुद्रकिनाऱ्यापर्यंत नेलं. जेकब तर लंडनपर्यंत गेला, १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत खांदा देणाऱ्यांमध्ये होता. इतिहासवाले म्हणतील पगारी माणसं होती, आणि साहेबाच्या प्रेताचं कौतुक किती करायचं हाही प्रश्न आहेच. मान्य. पण किनाऱ्यापर्यंत न्यायचं त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं, सांगणारा तर मेला होता. ज्याला लहानपणी माल म्हणून जहाजात भरलं होतं तो मोठा होऊन स्वतःच्या मर्जीने दुसऱ्याचं ओझं उचलतो, यात त्याला स्वतःबद्दल काहीतरी परत मिळालं असेल का, एवढाच प्रश्न मला सिग्नलला पडला. मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न मारला.

पण मला हे फार गोड करायचं नाहीये. देण्याने माणूस उभा राहतो हे खरं असलं तरी देणं हे पळून जायचं साधन पण असतं. मी स्वतः २०२२ मध्ये वर्षभर हॉस्पिटलात फळं वाट, याला डबा त्याला डबा असं करत राहिले आणि घरात ह्यांचं कपाट उघडलं नाही. आणि घरातल्या एकाच्या दानशूरपणाचा हिशोब दुसऱ्याला चुकवावा लागतो तो वेगळाच. लक्ष्मीबाई टिळक आमच्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या, त्यांचे यजमान, कवी ना. वा. टिळक, कोणालाही हात धरून घरी आणायचे आणि चुलीशी ह्या. त्या चिडायच्या, बोलायच्या, आणि तरी रांधायच्या. मला ते चिडणं फार आवडतं. त्या भोपळेवाल्या दादांची बायको पण गेटबाहेर गेल्यावर नक्की काहीतरी बोलली असणार, मी असते तर बोलले असते.

चौथ्या दिवशी संध्याकाळी बेल वाजली. तीच होती. हातात स्टीलचा मोठा डबा. "भोपळ्याचे घारगे आहेत ताई. अख्ख्या चाळीत वाटले. हे म्हणाले वहीवाल्या ताईंना द्यायचे राहिले." बसली नाही, ऑर्डर होती. डबा अजून कोमट. घारगे लालसर, कडेला जरा करपलेले, वर खसखस, आणि तोंडात घातल्यावर आधी गूळ आणि मग मागून वेलदोडा. सहाशे पन्नासचा भोपळा चाळीतल्या सगळ्या घरी गेला होता. मी उभ्याउभ्या चार खाल्ले आणि मग मला रडू आलं, ते नक्की कशाचं होतं मला माहीत नाही, अर्धं तरी लाजेचं असावं.

आणि तेव्हापासून तो डबा ओट्यावर. धुऊन, पुसून, तळाशी तिचं नाव आणि लग्नाची तारीख. काय घालून द्यायचा? डाळतांदूळ घातले तर ती मदत झाली, परत तेच राहू द्या दादा. लाडू घातले तर फिट्टंफाट. काहीतरी विकत आणलं तर अजून वाईट. सतरा दिवस मी त्या डब्याभोवती ओटा पुसतेय.

काल शेवटी फोन केला. म्हटलं उद्या येते डबा द्यायला, घरी आहेस ना? ती म्हणाली या की. मग जरा थांबून म्हणाली, "ताई, एक विचारू? तुमच्या पार्किंगमधे कढीपत्त्याचं झाड आहे ना? उद्या चाळीस डब्यांची ऑर्डर आहे पोह्यांची. बाजारात दहा रुपयाला चार काड्या देतात. थोडा आणाल का?"

ते झाड ह्यांनी लावलेलं. बिल्डिंगमधले सगळे न विचारता तोडतात आणि मी खिडकीतून बघून चिडते. रात्रीचे साडेनऊ झाले होते, मोबाईलचा टॉर्च दातात धरून, एका हाताने फांदी वाकवून तोडत होते तर वॉचमन विचारायला आला की मॅडम काय हरवलं का. वरच्या फांद्यांना हात पोचत नव्हता, त्यालाच म्हटलं, वाकवून धर. डबा गच्च भरला, झाकण बसेना, दाबलं तर पानं मोडून असा काही वास सुटला की जिन्याभर, म्हणून झाकण उलटं ठेवून वर रबर लावलंय.